फायटर पायलट ९ जी कसा सोसतो? आणि लोणावळ्याच्या एका स्वामींनी पोटाच्या स्नायूंत नेमकं काय मोजलं होतं?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगेच्या अलीकडे आपण, पलीकडे तेलंगण. पावसाळ्यात इथल्या वावरात पऱ्हाटीच्या ओळींमध्ये बाया खुरपं घेऊन उकिडव्या बसलेल्या दिसतात. निंदण चालू असतं. तास-दीड तास तसंच बसून झाल्यावर कुणीतरी हाक मारतं, बाई झटकन उठते आणि दोन-तीन सेकंद डोळ्यांसमोर अंधारी येते. ती खुरप्यावर हात टेकवते, डोकं झटकते आणि कामाला लागते. हा अनुभव तुम्हालाही आला असेल. खाटेवरून एकदम उठल्यावर येतो, उपासाच्या दिवशी तर हमखास येतो.

आता विषय असा आहे की सुखोई चालवणाऱ्या वैमानिकाला नेमकं हेच होतं. फक्त त्याच्यावर पृथ्वीच्या ओढीच्या नऊपट भार असतो, विमानाचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या आसपास असतो आणि हात टेकवायला खुरपं नसतं.

या अंधारीमागचं शास्त्र समजून घ्यायचं तर पोट, छाती आणि पाय यांचे स्नायू रक्ताशी काय करतात हे कळायला हवं. आणि त्या वाटेवर महाराष्ट्रातला एक माणूस भेटतो. बहुतेकांना तो योगवाला म्हणून माहीत आहे. पण त्याने १९२० च्या दशकात क्ष-किरणाचं यंत्र, पाऱ्याची नळी आणि रक्तदाबाचा पट्टा घेऊन हठयोग्यांच्या पोटात काय चालतं ते मोजायला सुरुवात केली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

आधीच सांगून टाकतो, कुवलयानंदांच्या संशोधनाचा विषय योग होता, विमानं नव्हेत. त्यांनी वैमानिकांना अमुक शिकवलं वगैरे फॉरवर्ड कुणी पाठवलं तर पुढे ढकलू नका. पण त्यांनी जे मोजलं आणि वैमानिक आज जे करतो, ते एकाच यंत्रणेचे दोन चेहरे आहेत. कसे ते बघू.

आधी ती अंधारी

बसलेल्या माणसाचं हृदय आणि मेंदू यांच्यात उभं अंतर साधारण ३० सेंटीमीटर असतं. हृदयाला रक्त तेवढं वर ढकलावं लागतं. ३० सेंटीमीटर रक्ताच्या खांबाचा दाब म्हणजे पाऱ्याचे सुमारे २२ मिलिमीटर. तुमचा वरचा रक्तदाब १२० असेल, तर मेंदूपर्यंत पोचताना त्यातले २२ खर्च झालेले असतात. काही बिघडत नाही, भरपूर शिल्लक राहतो.

विमान वेगात वळतं किंवा सूर मारून वर उठतं तेव्हा वैमानिक आसनात दाबला जातो. हा भार जी मध्ये मोजतात. जमिनीवर आपण सगळे १ जी मध्ये जगतो. ५ जी म्हणजे शरीरातली प्रत्येक वस्तू पाचपट जड, रक्तसुद्धा. मग मेंदूपर्यंत पोचायचा खर्च २२ च्या पाचपट, म्हणजे ११०. १२० मधून ११० गेले, उरले १०. ९ जी ला हाच खर्च १९८ होतो. खिशात १२० आणि खर्च १९८, असा हा हिशोब आहे. शिवाय ७० किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी ६३० किलो भरतं.

मेंदूच्या आधी डोळे जातात. त्याचं कारण मजेशीर आहे. डोळ्याच्या गोळ्यात आतून थोडा दाब असतोच, म्हणून पडद्यापर्यंत रक्त जायला जरा जास्त जोर लागतो. त्यामुळे आधी रंग फिके पडतात, मग कडा काळवंडतात आणि बोगद्यातून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. नंतर सगळा काळोख होतो, पण माणूस अजून शुद्धीवर असतो. त्याच्याही पुढे गेलं की शुद्ध जाते. भार एकदम चढला तर मेंदूजवळ जेमतेम ४ ते ६ सेकंदांची शिल्लक असते. ती संपली की दिवा विझतो. आणि तेव्हा डोळ्यांची सूचना मिळायलाही वेळ राहत नाही, हा खरा धोका आहे. शुद्ध परत आल्यावरही काही सेकंद आपण कुठे आहोत हे कळत नाही. तेवढ्यात विमान डोंगरात गेलेलं असू शकतं. जगभर अनेक वैमानिक असे गेले आहेत.

निंदणाऱ्या बाईला अंधारी येते ती १ जी मध्येच. बसलेली असताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू हलत नाहीत, उठताच रक्त पायांकडे उतरतं आणि हृदयाला सावरायला दोन-तीन सेकंद लागतात. पायांच्या शिरांमध्ये झडपा असतात. पोटरी आवळली की शीर पिळली जाते आणि रक्त फक्त वरच जाऊ शकतं. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. १५ ऑगस्टच्या परेडमध्ये सावधान उभं राहिलेलं एखादं पोर धाडकन पडतं, ते उन्हामुळे तर असतंच, पण हे दुसरं हृदय बंद ठेवल्यामुळेही असतं.

आता गुण्यांकडे वळू.

डभोईचा जगन्नाथ

३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई गावी एका मराठी कुटुंबात जगन्नाथचा जन्म झाला. बडोदा संस्थानाचा तो मुलूख. घरची परिस्थिती बेताची. पण पोरगं संस्कृतात हुशार होतं. १९०३ साली मॅट्रिकला त्याने मानाची जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोदा कॉलेजात दाखल झालं. त्या काळात तिथे अरविंद घोष शिकवत होते. बाहेर टिळकांचं राजकारण तापलेलं होतं. या दोघांचाही परिणाम पोरावर झाला. लग्न करायचं नाही, आयुष्य समाजाच्या कामाला द्यायचं, हे त्याने तरुणपणीच ठरवून टाकलं.

बडोद्याला आणखी एक गोष्ट होती, जुम्मादादांची व्यायामशाळा. तिथले राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणजे देशी व्यायामाचं चालतं-बोलतं विद्यापीठ. दंड, बैठका, लाठी, मल्लखांब, सगळं तिथे शिकवलं जायचं. १९०७ ते १९१० या काळात गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे गुणे योगाचे झाले तरी मुळात ते आखाड्यातून आलेले होते. स्नायू आवळला म्हणजे काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेले. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय शिक्षणाचा तो जमाना होता. सरकारची वाकडी नजर आणि पैशाची चणचण अशा संस्थांच्या पाचवीला पुजलेली असायची. १९२३ च्या सुमारास तो अध्याय संपला.

पण त्याच्या आधीच, १९१९ मध्ये, त्यांची गाठ परमहंस माधवदासांशी पडली होती. नर्मदाकाठी, बडोद्याजवळ मालसर इथे या वृद्ध योग्याचा आश्रम होता. गंमत बघा, याच माधवदासांचा दुसरा एक शिष्य म्हणजे मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढणारे योगेंद्र. एकाच गुरूचे दोन शिष्य, आणि दोघांनीही योगाला गुहेतून काढून प्रयोगशाळेच्या दारात आणून उभं केलं.

माधवदासांकडे गुण्यांनी आसनं, प्राणायाम, उड्डियान, नौली हे सगळं केलं. शरीरावर परिणाम होतो हे त्यांना स्वतःच्या अंगावर दिसत होतं. पण का होतो? ग्रंथात उत्तर होतं, नाडी, प्राण, अपानवायू. संस्कृतच्या या पंडिताला ते उत्तर वाचता येत होतं, समजतही होतं, पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना. शिकलेल्या डॉक्टरांना पटेल असं काही हातात नव्हतं. शिवाय डॉक्टरमंडळी योगाला थोतांड म्हणायची आणि भक्तमंडळी चमत्कार म्हणायची. मोजायची गरज दोघांनाही वाटत नव्हती.

क्ष-किरणाखाली नौली

गुण्यांनी बडोद्यात रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राच्या आणि प्रयोगशाळेच्या मदतीने प्रयोग सुरू केले. पहिला नंबर लागला उड्डियान आणि नौलीचा.

नौली कुणी पाहिली नसेल तर सांगतो. पूर्ण श्वास बाहेर सोडायचा. मग घसा बंद ठेवून श्वास घेतल्यासारखी छाती फुगवायची, पण हवा आत घ्यायची नाही. पोट खपाटीला जातं, बरगड्यांखाली खोल खड्डा पडतो. हे उड्डियान झालं. आता पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत जे दोन उभे स्नायू असतात, तेवढेच आवळायचे. बाकीचं पोट सैल. मधोमध दोरखंडासारखा उभा पट्टा बाहेर येतो. मग तो डावीकडे, उजवीकडे, गोल फिरवायचा. जत्रेत कुणी करून दाखवलं तर लोक पैसे टाकतील असा प्रकार.

हठयोगी नौलीचा उपयोग बस्तीसाठी करायचे. पाण्यात बसून गुदद्वारातून पाणी आत ओढून घ्यायचं आणि आतडं धुवायचं. पिचकारी नाही, पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं? परंपरेचं उत्तर होतं, अपानवायूच्या जोरावर. गुण्यांनी मोठ्या आतड्यात रबरी नळी ठेवून ती दाबमापकाला जोडली आणि योग्याला नौली करायला सांगितलं. दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला. म्हणजे आतड्यात अंशतः निर्वात पोकळी तयार होत होती. पाणी वर चढत होतं ते साध्या भौतिकशास्त्राने, आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तसं.

कारणही उघड झालं. फुप्फुसं रिकामी, घसा बंद, छाती फुगवलेली, म्हणून श्वासपटल वर ओढलं गेलं. त्यात मधले स्नायू आवळून पुढे आले. पोटाची पोकळी मोठी झाली, पण आत यायला हवा नाही. दाब पडणारच. या परिणामाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूच्या परंपरेतलं स्पष्टीकरण बाजूला ठेवलं आणि नवीन शोधाला गुरूचंच नाव लावलं. मला हा माणूस आवडतो तो इथे.

आता हे वैमानिकाशी जोडून बघा. नौलीत श्वास सोडून, घसा बंद करून, छाती फुगवून आतला दाब खाली पाडतात. फायटर पायलट नेमकं उलटं करतो. तो छाती भरून श्वास घेतो, घसा बंद करतो आणि जोर लावून आतला दाब वर चढवतो. हत्यारं तीच, घसा, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू. छातीच्या पेटीतला दाब वाढला की त्याच पेटीत बसलेल्या हृदयावर आणि मोठ्या धमनीवरही तो पडतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला जादा धक्का मिळतो. १९८ चा खर्च भागवायला ही उसनवारी लागते.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९२४ मध्ये, अमेरिकेत जिमी डूलिटल नावाचा वैमानिक बोस्टनजवळच्या एमआयटीत विमानावर पडणाऱ्या या भारांवर प्रबंध लिहीत होता. विमान पंख मोडायच्या बेतापर्यंत वळवून त्याने भार मोजले. त्यात हेही निघालं की साडेचार जी च्या आसपासचा भार काही सेकंद टिकला तर माणसाची दृष्टी आणि शुद्ध हरपू लागते, झटक्यात येऊन गेलेला मोठा भार मात्र सोसतो. एक माणूस आकाशात रक्त खाली कसं उतरतं ते बघत होता, दुसरा जमिनीवर पोटाचे स्नायू आतला दाब कसा हलवतात ते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

१९२४ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या मुहूर्तावर, गुण्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केलं. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जात होते. कुवलय म्हणजे निळं कमळ. आश्रमात ध्यानाची खोली असते, इथे प्रयोगशाळाही होती. नियतकालिकाचेही दोन भाग असायचे, एकात प्रयोगांचे आकडे आणि क्ष-किरणांची चित्रं, दुसऱ्यात सामान्य वाचकाला आसन कसं करावं याची माहिती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब मोजला. विचार करा, शीर्षासन म्हणजे काय? १ जी चा भार, पण उलट दिशेने. रक्त पायांऐवजी डोक्याकडे उतरतं. वैमानिकी भाषेत याला वजा १ जी म्हणतात. विमान नाक खाली करून झटक्यात ढकललं की वैमानिकालाही हेच होतं, डोक्यात रक्त साचतं, डोळे लाल होतात. माणसाचं शरीर अधिक ९ जी पर्यंत तालमीने जातं, पण उलट दिशेने मात्र वजा २-३ जी लाच त्याची दमछाक होते. कुवलयानंदांनी आसनांच्या पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवलं की कान वाहत असतील, डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर असतील किंवा हृदय कमकुवत असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका. योगाने सगळं बरं होतं असं म्हणणाऱ्यांच्या गर्दीत ही सूचना लिहायला धाडस लागतं.

त्याहून धाडसाची गोष्ट प्राणायामाची. तेव्हाही लोक सांगायचे आणि आजही व्हॉट्सॲपवर फिरतं की प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो. कुवलयानंदांनी हिशोब मांडला. श्वास लांबवला आणि रोखला तर मिनिटाला आत जाणारी एकूण हवा वाढेलच असं नाही, साध्या श्वासोच्छ्वासापेक्षा ती कमीही असू शकते. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या भरण्यात नाही, तर छाती-पोटातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या ताब्यात शोधायला हवं, अशी त्यांची मांडणी होती. प्राणायाम शिकवून ज्याचं संस्थान चालतं त्याने हे छापणं म्हणजे स्वतःच्या दुकानावरची सगळ्यात खपाऊ पाटी स्वतःच्या हाताने उतरवणं होतं.

नाव होत गेलं. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन लोणावळ्यात येऊन राहिले, स्वतः योग शिकले आणि १९३७ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मुंबईत १९३२ मध्ये कैवल्यधामचं आरोग्यकेंद्र निघालं. ते आजही मरीन ड्राइव्हला आहे. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांचा हात होता. शाळेच्या मैदानावर शेकडो पोरांनी एका तालात करायचा यौगिक संघ व्यायाम त्यांनी बसवला. माणिकरावांचा चेला होता शेवटी.

हृदय थांबवणारे योगी

या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग आता येतो.

योगी हृदय थांबवू शकतात, हा दावा जगभर गाजत होता. १९३५ मध्ये फ्रान्सच्या हृदयतज्ज्ञ डॉक्टर तेरेझ ब्रॉस इसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या आणि एका योग्याच्या हृदयाचे ठोके फार मंदावल्याचं त्यांनी नोंदवलं. मग १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन संशोधक यंत्रांच्या पेट्या घेऊन आले. कुवलयानंद तेव्हा ७४ वर्षांचे. कैवल्यधामचं दार पाहुण्यांना उघडं होतं. परीक्षेला बसायचं तर बाहेरच्या परीक्षकापुढे, हा त्यांचा जुना खाक्या. दिल्लीच्या एम्सचे बी. के. आनंदही या कामात होते.

त्यांनी हृदय थांबवणाऱ्यांना यंत्राला जोडलं. योग्याने श्वास रोखला, घसा बंद केला, छाती-पोटाचे स्नायू गच्च आवळले. मनगटावरची नाडी खरोखर गेली. स्टेथोस्कोपमध्ये ठोके जवळपास ऐकू येईनात. पण इसीजीची सुई वर-खाली होतच राहिली. हृदय थांबलेलं नव्हतं. छातीतला दाब इतका वाढला होता की पायांकडून आणि पोटाकडून येणारं रक्त आत शिरत नव्हतं. पंप चालू होता, पण विहिरीतून पाणीच येत नव्हतं. हे निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले.

फायटर पायलटचं मरण नेमकं इथेच असतं. तो मेंदूकडे रक्त ढकलायला छातीत दाब वाढवतो. पण दाब धरून ठेवला तर हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि थोड्याच सेकंदांत पंप कोरडा पडतो. नाडी घालवणाऱ्या योग्याची किमया त्याच्यावर उलटते. मग उपाय काय?

दुसऱ्या महायुद्धात यावर दोन बाजूंनी काम झालं. टोरांटोत विल्बर फ्रँक्स यांनी पाण्याने भरलेला सूट बनवला, सिडनीत फ्रँक कॉटन यांनी हवेचा. भार वाढला की सूट पाय आणि पोट आवळतो आणि रक्त खाली साचू देत नाही. त्याचवेळी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वूड आणि सहकारी माणसांना गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवून स्नायूंचं तंत्र बसवत होते. आज ते साधारण असं शिकवतात. भार यायच्या आधीच पोटऱ्या, मांड्या, कुल्ले आणि पोट गच्च आवळायचं. छाती भरून श्वास, घसा बंद, जोर. बरोबर तीन सेकंद. मग एका सेकंदाच्या आत थोडी हवा बाहेर, थोडी आत आणि पुन्हा जोर. त्या एका सेकंदात छातीतला दाब पडतो आणि आवळलेल्या पायांनी वर ढकललेलं रक्त हृदयात शिरतं. तीन सेकंदांचा नियम का, याचं उत्तर नाडी घालवणाऱ्या योग्यांच्या इसीजीत आहे.

सूट एक ते दीड जी ची मदत करतो. स्नायूंचं हे तंत्र नीट जमलं तर तीन जी किंवा त्याहून जास्त. म्हणजे लाखो रुपयांच्या सूटपेक्षा पोटऱ्या आणि पोट जास्त कामाचं. पण स्नायू थकतात. गच्च आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या पिळून बंद करतो, त्यामुळे त्याला ऑक्सिजनशिवाय काम करावं लागतं आणि तो लवकर भरून येतो. म्हणून फायटर पायलटला वजनं उचलायला लावतात, ताकद वाढवायला सांगतात. नुसती मॅरेथॉनची तयारी इथे उपयोगी नाही. फार लांब पळणाऱ्यांची नाडी संथ असते, रक्तवाहिन्या सैल असतात आणि भार एकदम आला तर तेच नडू शकतं. माणिकरावांच्या दंड-बैठका इथे आसनांपेक्षा सरस ठरतात, हे योगप्रेमींना कडू लागेल, पण आहे ते आहे. योगाचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. घसा, छाती, पोट आणि पाय हे वेगवेगळे ओळखून हवं तेव्हा हवं तेवढंच आवळता येणं, ही तालीम नौलीइतकी क्वचितच कशात मिळेल. घाबरलेला नवशिका वैमानिक मान आणि चेहरा आवळतो, आणि पाय सैल सोडतो.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर भारतात जेट विमानं आली. बंगळूरुत १९५७ मध्ये हवाई दलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था सुरू झाली. १७ जून १९६१ ला देशी बनावटीचं मरुत उडालं. नाशिकजवळ ओझरला मिग बनू लागले. लोणावळ्यात मात्र म्हातारे स्वामी अजून पैशाच्या विवंचनेत होते. संशोधन, रुग्ण, शिकायला येणारी मुलं आणि नियतकालिक, सगळं देणग्यांवर. १९५० नंतर इथे योगाचं रीतसर कॉलेज निघालं, गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने. योगशिक्षक पदविका घेऊन बाहेर पडू लागले. आज गल्लोगल्ली योगाचे वर्ग आहेत म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा योग आणि परीक्षा हे दोन शब्द एका वाक्यात यायचे नाहीत.

१८ एप्रिल १९६६ ला स्वामी कुवलयानंद गेले. संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजींनी घेतली. योगमीमांसा अजून निघतं, प्रयोगशाळा अजून चालू आहे. तिच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई उडतात.

१९८४ च्या एप्रिलमध्ये हवाई दलाचे राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. सल्युत-७ वर ते सुमारे आठवडाभर होते. तिथे जी शून्य. रक्ताला वजनच नाही, ते पायांकडे उतरत नाही, तोंड सुजल्यासारखं होतं आणि पोटऱ्यांचं दुसरं हृदय बेकार होऊन वाळायला लागतं. तिथे शर्मांनी भारताकडून एक प्रयोग केला. वजनरहित अवस्थेत योगासनं केली तर स्नायूंवर काय परिणाम होतो, तो मोजायचा.